जिवावरचं शेपटावर: रविवारी घरात काय काय बिघडतं?

"आठवडाभर सगळं नीट चालतं आणि रविवार उजाडला की काहीतरी बिघडतंच. असं का हो?" हा प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा पाहावा. नळ, गिझर आणि कुकर या तिघांनी शनिवारी रात्री एकत्र बसून कट केलाय, याबद्दल त्याची खात्री झालेली असते.

उत्तराकडे जाण्याआधी भिंतीवरच्या पालीकडे बघू. मांजराने शेपटावर पंजा मारला की पाल शेपूट तिथेच टाकते आणि पसार होते. मांजर वळवळणाऱ्या शेपटाशी खेळत बसतं, तोवर पाल ट्यूबलाइटच्या मागे पोचलेली असते. 'जिवावर आलं होतं, शेपटावर निभावलं' असं आपण म्हणतो ते यावरूनच. घरातल्या बहुतेक उपकरणांना त्यांच्या कर्त्यांनी असंच एक शेपूट लावून ठेवलंय. नळात ते रबराचं असतं, विजेच्या पेटीत तारेचं आणि गिझरमध्ये चक्क मॅग्नेशियमचं. आपण ज्याला 'बिघाड' म्हणतो तो पुष्कळदा हे शेपूट तुटल्याचा आवाज असतो. कोणतं शेपूट कुठे असतं आणि ते का तुटलं, एवढं कळलं तरी रविवारची निम्मी चिडचिड कमी होते.

१. आधी रविवारचा हिशेब

रविवारची सुट्टी काही पंचांगातून आलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती मिळाली १० जून १८९० रोजी, आणि तिच्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची सहा वर्षांची खटपट होती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी १८८४ साली कामगारांना एकत्र करून ही मागणी मांडली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असंही एक कारण त्यांनी पुढे केल्याचं सांगतात. इतक्या कष्टाने मिळालेला दिवस आपण नळाखाली बादली सरकवण्यात घालवतो, हे त्यांना कळलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

आता हिशेब. समजा तुम्ही नोकरी करता. सोमवार ते शनिवार घरात जागे असे रोज चार तास असता, म्हणजे सहा दिवसांचे चोवीस. रविवारी चौदा तास. आठवड्याचे एकूण अडतीस. बिघाड कुठल्याही वारी सारखेच होत असतील, पण तुम्ही घरात जागे असतानाच ते तुमच्या नजरेला पडत असतील, तर शंभरातले सदतीस बिघाड तुम्हाला रविवारी दिसतील. सात दिवसांत सारखी वाटणी झाली असती तर रविवारच्या वाट्याला चौदाच आले असते. म्हणजे कट वगैरे काही नाही. तुम्ही त्या दिवशी घरात होता, एवढंच.

(हा हिशेब घरमालकाचा झाला. घरातल्या बाईला विचाराल तर ती सांगेल, की नळ मंगळवारपासून गळतोय. तुम्हाला आज दिसला.)

दुसरं कारण खरोखरीचं आहे. इतर दिवशी एकाची आंघोळ सहाला, दुसऱ्याची सातला, इस्त्री आदल्या रात्री. रविवारी सगळं साडेनऊला एकदम सुरू होतं आणि तारांवर, नळांवर, निचऱ्यावर एकाच वेळी ताण येतो. तिसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. रविवारी आपण स्वतः दुरुस्तीला हात घालतो.

२. नळ गळतो तेव्हा आत काय होतं?

फिरवून बंद करायचा जुन्या पद्धतीचा पितळी नळ घ्या. वरची मूठ फिरवली की आतला आट्यांचा दांडा खाली सरकतो. दांड्याच्या टोकाला रबराची एक चकती असते. तिचं नाव वॉशर, प्लंबरच्या तोंडी वायसर. खाली पितळी बैठक असते आणि तिच्या मधोमध पाणी येण्याचं भोक. वायसर बैठकीवर दाबून बसला की पाणी बंद. औषधाच्या बाटलीवर अंगठा दाबून धरावा, तसा प्रकार.

या रबरावर किती रेटा असतो? पाण्याची टाकी नळापेक्षा जितकी उंच तितका दाब जास्त. ढोबळ नियम असा, की दर दहा मीटर उंचीमागे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा भार वाढतो. आठ मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी पहिल्या मजल्यावरच्या नळापासून पंचवीसेक मीटर उंच असेल, तर दाब झाला अडीच किलो. भोकाचं क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरहून थोडं जास्त. म्हणजे नखाएवढ्या रबराला पावणेतीन किलोच्या आसपासचा रेटा रात्रंदिवस थोपवून धरायचा असतो. वरच्या मजल्यावरच्यांचे नळ शहाण्यासारखे वागतात आणि खालच्यांचे गळतात, त्यात एक कारण हेही.

रबर दबून दबून कडक होतं, त्यावर बैठकीच्या कडेची गोल खाच पडते आणि खाचेतून थेंब निसटू लागतो. इथे आपण काय करतो? नळ आणखी आवळतो. पहिल्या दिवशी थेंब थांबतो, पण खाच खोल होते. मग आणखी जोर. महिन्याभराने नळ बंद करायला घरातल्या सगळ्यात दणकट माणसाला बोलवावं लागतं. आवळून नळ वाचत नाही, वायसर लवकर मरतो. पाणी थांबलं की हात थांबवावा.

'थेंबच तर आहे' असं वाटत असेल तर आज रात्री गळणाऱ्या नळाखाली चहाचा कप ठेवा आणि तो किती वेळात भरतो ते बघा. समजा दीडशे मिलिलिटरचा कप पंधरा मिनिटांत भरला. मिनिटाला दहा मिलिलिटर, तासाला सहाशे, दिवसाला चौदा लिटर चारशे मिलिलिटर. रोजची जवळजवळ एक बादली. महिन्याचे चारशे बत्तीस लिटर, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीतलं निम्म्याला थोडं कमी पाणी.

वायसर बदलणं अवघड नाही, पण क्रम चुकला तर घराचं तळं होतं. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा मुख्य कॉक बंद करायचा विसरलो होतो. नळाचं डोकं हातात आलं आणि पाण्याची सोट धार छताला लागली. शेजारचे काका पळत आले आणि त्यांनी कॉक बंद केला. पुढची दोन वर्षं जिन्यात भेटले की ते "काय, कसा आहे नळ?" एवढंच विचारत. तेव्हा क्रम असा: त्या खोलीचा किंवा घराचा कॉक बंद करा. नळ उघडून नळीत उरलेलं पाणी जाऊ द्या. खाली मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर नेमका लहानसा स्क्रू तिथूनच जातो. मग नळाच्या मानेला कापड गुंडाळून पान्याने ती सोडवा, म्हणजे चकाकीवर ओरखडे उठत नाहीत. जुना वायसर काढा आणि खिशात घालून दुकानात न्या. 'अर्धा इंची द्या' म्हणण्यापेक्षा नमुना दाखवणं बरं.

नवा वायसर घालूनही थेंब थांबला नाही, तर दोष बैठकीत आहे. रेतीच्या कणांनी तिच्यावर चरे पडले असतील आणि मग नळ बदलणंच परवडतं. पाणी तोटीतून न गळता मुठीच्या बुडातून झिरपत असेल तर वायसर निर्दोष आहे. तिथलं पॅकिंग गेलंय.

अलीकडचे पाव फेऱ्यात उघडणारे नळ वेगळे. त्यांत रबर दाबलं जात नाही. एकमेकांवर घासून बसवलेल्या दोन सिरॅमिक चकत्या असतात, दोघींना भोकं असतात. भोकं समोरासमोर आली की पाणी चालू, सरकली की बंद. जात्याच्या दोन तळ्या समजा, फक्त आरशासारख्या गुळगुळीत. झीज फार कमी, पण बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यातला रेतीचा कण मधे अडकला की चरा पडतो आणि मग आतला सगळा संचच बदलावा लागतो. हा नळ शोभिवंत खरा, पण त्याला स्वस्तातलं शेपूट नाही.

३. गावाहून परतलं की मोरीला वास का येतो?

दिवाळीला पंधरा दिवस गावी जाऊन आलात, दार उघडलं, आणि घरात गटाराचा वास. काही तुंबलेलं नाही, काही फुटलेलं नाही. मग?

मोरीच्या जाळीखाली, बेसिनखाली, संडासाच्या भांड्यात, सगळीकडे नळीला मुद्दाम एक वाकण दिलेलं असतं. त्या वाकणात थोडं पाणी कायम साठून राहतं. खालच्या गटाराचा वायू वर येऊ पाहतो, पण या पाण्याच्या पडद्याला अडतो. एवढासा पाण्याचा पडदा, कुठल्याही झाकणाहून चोख. ही वाकडी नळी १७७५ साली लंडनमध्ये पेटंट करून घेतली ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने. आपल्याकडे स्थापत्यशास्त्राची इंग्रजी पुस्तकंसुद्धा मोरीतल्या या सापळ्याला 'न्हाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी तिकडे जाऊन बसली, याची मला उगाच मजा वाटते.

पंधरा दिवस कोणी पाणीच ओतलं नाही की वाकणातलं पाणी उडून जातं, पडदा संपतो, वास मोकळा. उपाय एक तांब्याभर पाणी. जाण्यापूर्वी त्यात चमचाभर गोडंतेल टाकलंत तर ते पाण्यावर तरंगतं आणि पाणी उडणं मंदावतं. रोज वापरातल्या मोरीला वास येत असेल तर जाळी उचलून पाहा. आत एक उलटी वाटी असते. साफसफाईच्या रविवारी ती बाहेर काढून घासली जाते आणि खिडकीच्या कठड्यावर विसरली जाते.

४. दिवे गेले!

रविवारचा सगळ्यात मोठा गोंधळ हा. गिझर चालू, इंडक्शनवर पोह्यांची कढई, किटलीत चहाचं पाणी, आणि कोणीतरी इस्त्री लावली. खट्. सगळं गप्प.

इथे दोनच शब्द नीट कळायला हवेत. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, आपल्या घरात तो २३०. अँपिअर म्हणजे तारेतून किती वीज वाहतेय ते. गच्चीवरच्या टाकीची उंची म्हणजे व्होल्ट आणि नळीतून जाणारी धार म्हणजे अँपिअर असं धरा. उपकरणावर वॉट लिहिलेले असतात. वॉटला २३०ने भागलं की अँपिअर मिळतात. गणित एवढंच.

आता आपला स्वयंपाकघराचा प्रसंग. गिझर २००० वॉट, इंडक्शन २०००, किटली १५००, इस्त्री १०००. बेरीज ६५००. भागिले २३०, उत्तर अठ्ठावीसच्या पुढे. आणि जुन्या घरात ही सगळी मंडळी १६ अँपिअरच्या एकाच एमसीबीवर बसलेली. तारेतून मर्यादेहून जास्त वीज वाहिली की तार तापते, भिंतीच्या आत, आपल्याला न दिसता. तिच्यावरचं प्लास्टिक वितळून आग लागण्याआधी कोणीतरी वाट अडवायला हवी. ते काम पूर्वी फ्यूज करत असे, आता एमसीबी करते.

फ्यूज हे अस्सल पालीचं शेपूट. चिनी मातीच्या पांढऱ्या कप्प्यात एक बारीक तार, घरातल्या बाकी तारांपेक्षा मुद्दाम अशक्त. ताण वाढला की ती वितळते आणि बाकीच्या वाचतात. आमच्या जुन्या चाळीत एक गृहस्थ फ्यूज सारखा उडतो म्हणून वैतागून तारेचे तीन पदर पिळून घालत. मग फ्यूज उडायचा बंद झाला. शेपूट तुटू नये म्हणून पालीला ते लोखंडाचं करून दिलं, असा हा प्रकार. एका रात्री त्यांच्या भिंतीतल्या पट्टीतून धूर निघाला. कोणाला काही झालं नाही, पण नंतर त्यांनी तार एकपदरीच घातली.

एमसीबीत शेपूट तुटत नाही, दुमडतं. आत दोन वेगळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते आणि खटका पाडते. इस्त्री ठरावीक तापली की आपोआप बंद होते, तीही बहुधा अशाच पट्टीमुळे. ही पट्टी समजूतदार असते. मर्यादा जराशी ओलांडली तर ती ताबडतोब खट् करत नाही, वाट पाहते. पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर जास्त वीज ओढते, तेवढ्याने घर अंधारात जाऊ नये म्हणून. पण दोन तारा एकमेकींना थेट चिकटल्या, म्हणजे शॉर्ट झाला, तर वाट पाहायला वेळ नसतो. त्यासाठी त्याच डबीत एक विद्युतचुंबक असतं, ते निमिषात खटका ओढतं.

आता हे कळलं की एमसीबीची भाषाही कळते. खटका वर केला आणि लगेच पडला, तर शॉर्ट आहे. तो पुन्हा पुन्हा वर करू नका. वर राहिला आणि काही मिनिटांनी पडला, तर भार जास्त आहे. इस्त्री संध्याकाळी करा.

पेटीत आणखी एक खटका असतो, 'टी' लिहिलेलं बटण असलेला. हा आरसीसीबी. पुष्कळ घरांत त्याला ईएलसीबीच म्हणतात. याला भाराशी देणंघेणं नाही. सहलीला गेलेले मास्तर आठवा. बसमधून उतरताना चाळीस पोरं मोजली, परत चढताना एकोणचाळीस, की लगेच शिट्टी. आरसीसीबी तेच करतो. एका तारेने गेलेली वीज आणि दुसरीने परतलेली वीज मोजतो. फरक पडला याचा अर्थ मधली वीज कुठेतरी भलत्या वाटेने गेली, ओल्या भिंतीतून, किंवा कोणाच्या तरी अंगातून. घरगुती पेटीत साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो वीज तोडतो. ऐकायला ही वीज अगदीच थोडी, पण माणसाच्या छातीतून गेली तर पुरेशी घातक. म्हणून 'सारखा पडतो' या तक्रारीवर त्याला बाजूला काढून तारा थेट जोडून देणारा वायरमन भेटला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

तो पडत असेल तर चोर शोधायची रीत सोपी आहे. सगळ्या प्लगा काढा, छोटे एमसीबी खाली करा. मोठा खटका वर करा. राहिला, तर एकेक एमसीबी वर करत जा, मग एकेक उपकरण लावत जा. ज्याच्यावर पडला तो चोर. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा तो गिझरच निघाला. पुढचं काम वायरमनचं. पेटी उघडून स्क्रू ड्रायव्हर घालण्याची हौस रविवारी अजिबात नको.

५. गिझरच्या पोटातली कांडी

गिझरचा विषय निघालाच आहे, तर घरातलं सगळ्यात हुशार शेपूट दाखवतो. टाकीवाल्या गिझरची टाकी बहुधा पोलादाची. गरम पाणी आणि क्षार यांच्या संगतीत पोलाद गंजायचंच. म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी सोडलेली असते. पाण्यात बुडालेल्या आणि एकमेकांना जोडलेल्या दोन धातूंपैकी जो अधिक 'उतावळा' तो आधी झिजतो आणि दुसरा तगतो. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा पुष्कळच उतावळं. त्यामुळे पाणी कांडी खात बसतं आणि टाकीकडे त्याचं लक्ष जात नाही.

ही युक्ती १८२४ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ब्रिटिश आरमाराला सुचवली होती. जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत, ते समुद्रात झिजत. डेव्हीने त्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे छोटे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं. पण झिजणाऱ्या तांब्याचं विषच आजवर शंखशिंपल्यांना दूर ठेवत होतं. ते थांबल्यावर तळाला शिंपले इतके चिकटले की जहाजांचा वेग घटला आणि आरमाराने तो उपाय गुंडाळला. एक दुखणं बरं केलं की दुसरं डोकं वर काढतं, हे डेव्हीलाही चुकलं नाही. घरात आपणही तेच अनुभवतो, म्हणून त्याच्याबद्दल मला विशेष आपुलकी आहे.

क्षाराच्या पाण्यात कांडी लवकर संपते. गिझर धुवायला माणूस आला की "कांडी किती उरलीय?" असं विचारा. संपलेली कांडी न बदलता नुसता गाळ काढला, तर पुढचा नंबर टाकीचा.

तोच क्षार नळावर पांढरे डाग होऊन बसतो. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचा सख्खा भाऊ. आंबटाने तो विरघळतो. पिळलेल्या लिंबाची साल नळावर दहा मिनिटं गुंडाळून ठेवा आणि धुऊन टाका. मात्र हा प्रयोग बघून खूश होऊन लिंबू फरशीवर चोळू नका. शहाबादी, कडप्पा, कोटा, संगमरवर हे सगळे चुनखडीच्याच कुळातले दगड. आंबटाला डाग कोणता आणि दगड कोणता हे कळत नाही, ते दोघांना खातं. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या लिंबाच्या फोडीचा फिका गोल डाग दिसतो, तो डाग नसतोच. तिथला दगड झिजलेला असतो. तो घासून जात नाही, कारण घासण्यासारखं तिथे काही उरलेलंच नसतं. ग्रॅनाइटला आणि आपल्या काळ्या पाषाणाला ही भीती नाही.

साफसफाईच्या उत्साहातली एक चूक मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. संडास धुण्याच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ब्लीचमध्ये किंवा ब्लीचिंग पावडरीत क्लोरीनचं संयुग असतं. 'दोन्ही टाकलं की दुप्पट स्वच्छ' म्हणून ते एकत्र ओतले तर क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्र इथे सैनिकांवर सोडला होता तोच. बंद संडासात तो सुटला तर डोळे चुरचुरतात, छाती आवळते. असं झालं तर बाटल्या आवरत बसू नका, दार उघडून बाहेर या.

६. छतावरची खिचडी

कुकर हे यंत्र जुनं आहे. डेनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये ते दाखवलं. कल्पना अशी: उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशाला उकळतं आणि कितीही जाळ केला तरी त्याच्या वर जात नाही. वाफ कोंडली तर दाब वाढतो आणि उकळण्याचा अंशही वाढतो. आपल्या कुकरच्या शिट्टीचं वजन असं ठरवलेलं असतं, की आतला दाब हवेच्या दुप्पट झाला की ती उचलली जाते. तेव्हा आत साधारण १२० अंश असतात. वीस अंशांच्या त्या फरकात तूरडाळ तासाऐवजी दहा-पंधरा मिनिटांत शिजते.

शिट्ट्या मोजण्याबद्दल थोडं. पहिली शिट्टी सांगते की दाब तयार झाला. पुढच्या शिट्ट्या एवढंच सांगतात की तुम्ही जास्तीचा जाळ वाया घालवताय. मोठ्या जाळावर पाच मिनिटांत चार शिट्ट्या होतील, बारीक जाळावर एखादीच. डाळ दोन्हीकडे सारखीच शिजेल, कारण आत तितकेच अंश असतात. तेव्हा पहिल्या शिट्टीनंतर जाळ बारीक करावा आणि घड्याळ बघावं. हे मी घरी अनेकदा सांगितलं आहे. घरात अजून शिट्ट्याच मोजतात.

दुर्घटना घडते ती शिट्टीखालची नळी तुंबल्यावर. डाळ, साबुदाणा, तांदूळ यांचा फेस वर येतो आणि तिथे वाळतो. वाफेला वाट उरत नाही. अशा वेळी कामाला येतो झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यात लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूची एक टिकली असते. आत फार तापलं की ती वितळून भोक पडतं, वाफ फस्सकन बाहेर पडते, खिचडी छताला लागते. कुकर फुटत नाही. छत पुसताना या टिकलीला दोन शब्द बरे बोलावेत, आणि तिच्या जागी त्याच बनावटीची टिकली बसवावी. भोकात भलताच स्क्रू आवळून कुकर पुन्हा चालू करणारे महाभाग आहेत. फ्यूजचे तीन पदर घालणाऱ्या गृहस्थांचे हे नातलग. झाकण लावण्याआधी नळीतून उजेड दिसतो का, हे पाहायला दोन सेकंद लागतात. आणि डाळीने कुकर अर्ध्याहून जास्त भरू नये.

७. हाताला चटका बसला तर

नळाला वायसर आहे, कुकरला टिकली आहे. हाताला असं काही सुटं लावलेलं नाही.

कुकरमधून काढलेला बटाटा बाहेरून गार लागतो, पण सोलताना आतून पोळतो. चटका बसलेल्या कातडीचंही तसंच. तव्यावरून हात उचलला तरी आत शिरलेली उष्णता आपलं काम चालूच ठेवते. ती बाहेर काढायची म्हणजे भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली धरायचा, तोही पुरती वीस मिनिटं. वीस मिनिटं फार मोठी वाटतात. दुसऱ्या मिनिटाला आग कमी होते आणि आपण हात काढतो, तिथेच चुकतं. अंगठी, बांगड्या, घड्याळ आधी काढावं, नंतर सुजेमुळे निघत नाहीत. बर्फ लावू नये, त्याने कातडीला आणखी इजा होते. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतलं काही लावू नये. त्यांनी उष्णता आत कोंडते, आणि डॉक्टरांना आधी ते खरवडून काढावं लागतं. भाजलेला भाग तळहाताहून मोठा असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, किंवा भाजलेलं मूल लहान असेल, तर पाण्याखाली धरून झाल्यावर थेट दवाखाना गाठावा.

८. श्रीखंडाचा डबा

प्रत्येक मराठी घरात श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो आणि त्यात श्रीखंड सोडून सगळं असतं. खिळे, सुतळी, संपलेले सेल, कुठल्या कुलपाच्या ते कोणालाच माहीत नसलेल्या किल्ल्या. त्यातलं निम्मं टाकून द्या आणि शेपटं भरा: अर्ध्या इंची चार वायसर, टेफ्लॉन टेपची एक रिळी, कुकरची एक जादा रिंग आणि एक सेफ्टी टिकली, दोन्ही आपल्याच कुकरच्या मापाची. जुना फ्यूज अजून असेल तर त्याच जाडीची तार. सगळं मिळून एका वेळच्या हॉटेलच्या बिलाहून कमी होतं.

आमच्याकडे असा डबा आहे. गेल्या रविवारी मोरीचा नळ ठिबकू लागला. मी कॉक बंद केला, फडकं टाकलं, कापड गुंडाळलं, मान सोडवली, सगळं क्रमाने. मग डबा उघडला. वायसर सोडून सगळं होतं. जुना वायसर खिशात घालून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. शटर खाली होतं आणि त्यावर खडूने लिहिलं होतं, 'रविवारी दुकान बंद'. बरोबरच होतं त्याचं. त्याच्याही घरी एखादा नळ गळत असणार.